डॉक्टर स्वस्त असावा की महाग?

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑफिसात इन्शुअरन्सचे फॉर्म आले, की मंडळातल्या मित्रांचे मला फोन येतात : "हप्ता कमी, पण डिडक्टिबल जास्त अशी योजना घ्यावी का?" माझा व्यवसाय आकडेवारीचा, विमा विकण्याचा नव्हे. म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्याच एका प्रयोगाची हकीगत सांगतो.

उपचार फुकट मिळाले तर प्रकृती सुधारेल, की लोक ऊठसूट डॉक्टरकडे जातील? भरपूर विमा असलेल्यांची आणि नसलेल्यांची नुसती तुलना करून याचे उत्तर मिळत नाही, कारण ज्याला दुखणे आहे तोच चांगला विमा शोधतो. म्हणून सरकारी खर्चाने रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात डेटन, सिअ‍ॅटल अशा सहा ठिकाणची सुमारे २,७५० कुटुंबे घेतली आणि कोणाला कोणती योजना हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. काहींना सारे मोफत. इतर काहींनी बिलाचा २५, ५० किंवा ९५ टक्के वाटा स्वतः भरायचा, पण ठरावीक वार्षिक मर्यादेपर्यंतच.

खिशातून पैसे भरणारे डॉक्टरकडे कमी गेले, खर्चही घटला आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. जास्त डिडक्टिबलचे समर्थक हेच वाक्य पुढे करतात. पण शितावरून भाताची परीक्षा इथे फसते. कमी उत्पन्नाच्या आणि रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचारांत अधिक आटोक्यात राहिला. शिवाय लोकांनी अनावश्यक उपचार टाळले, तसे गरजेचेही टाळले. यातले कोणते कामाचे, हे रुग्णाला कसे कळावे?

आपल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण जास्त. म्हणून माझे सांगणे एवढेच : वर्षाचा हप्ता आणि स्वतः भरण्याची कमाल रक्कम यांची बेरीज दोन्ही योजनांसाठी कागदावर मांडा. घरातली सर्व मंडळी धडधाकट असतील तर जास्त डिडक्टिबल परवडेल. मात्र वाचलेला हप्ता औषधपाण्यासाठी बाजूला ठेवा. कोणाला रोजची गोळी असेल तर तिचा वर्षाचा खर्च आधी विचारून घ्या. २०१० च्या कायद्यानंतर बहुतेक योजनांत रक्तदाबासारख्या प्रतिबंधक तपासण्या नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे विनामूल्य होतात. त्या तरी चुकवू नका.