आधाराची ताठरता कशी अजमावावी

फिरणारी यंत्रे मराठीतून शिकवताना मी दरवर्षी एका शब्दापाशी थांबतो. 'मजबूत' सांगाडा आणि 'ताठर' सांगाडा हे विद्यार्थ्यांना एकच वाटतात. वेळू मजबूत असतो, वाकूनही मोडत नाही. पण ताठर नसतो. पंख्याखालचा लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे न मोडता उभा राहतो आणि तरीही बेअरिंगे खात राहतो, तो या फरकामुळे.

जेफकॉट यांच्या १९१९ मधील प्रारूपात दांडा लवचीक आणि आधार अचल धरलेले आहेत. प्रत्यक्षात दांडा, बेअरिंग, सांगाडा, पाया या एकीखाली एक ठेवलेल्या स्प्रिंगाच असतात, आणि त्यांतली सर्वांत मऊ स्प्रिंग बाकीच्यांना आपल्या तालावर नाचवते.

अंदाजासाठी महागडे उपकरण लागत नाही. यंत्र बंद करून सांगाड्यावर १०० किलो वजन ठेवावे आणि तो किती दबला ते जमिनीवर वेगळ्या उभ्या केलेल्या डायल गेजवर वाचावे. समजा, ०.०५ मिलिमीटर. पंखा आणि मोटर मिळून ४०० किलो असतील, तर त्यांच्या भाराने सांगाडा ०.२० मिलिमीटर दबणार. ९४६ ला या आकड्याच्या वर्गमुळाने भागले की मिनिटाला सुमारे २११५ कंपने, ही उभ्या दिशेची नैसर्गिक वारंवारता मिळते. (९४६ हा आकडा गुरुत्वत्वरणातून येतो, दबणे मिलिमीटरमध्येच घ्यावे.) पंखा मिनिटाला १४४० फेऱ्यांचा. म्हणजे ठीक आहे, असे वाटते.

पण असंतुलित रोटर सांगाड्याला आडवाही ओढतो, आणि उंच पायांचा सांगाडा आडव्या दिशेला बहुधा बराच मऊ असतो. म्हणून ताणकाटा लावून तो आडवाही ओढून पाहावा. १०० किलोच्या ओढीने ०.१२ मिलिमीटर सरकला, तर तोच हिशेब १३६५ वर येतो. फेऱ्यांपासून जेमतेम पाच टक्के दूर! इथे रोटर कितीदाही बॅलन्स करा, उरलेसुरले असंतुलनही अनेक पटींनी वाढून दिसेल. त्यापेक्षा पायांना तिरके आधार जोडावेत. आडवी ताठरता दुप्पट झाली, तर वारंवारता सुमारे १९३० होते. त्याआधी पायाचे बोल्ट मात्र आवळून पाहावेत.

या हिशेबात सांगाड्याचे स्वतःचे वस्तुमान धरलेले नाही, त्यामुळे खरी वारंवारता थोडी कमीच भरते. ताळा हवा असेल, तर बंद यंत्राला लाकडी हातोडीचा एक ठोका द्यावा आणि कंपनमापकावर वारंवारता वाचावी.