घोडनदीचा मासा

रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेऊन बहुतेक जण मागे फिरतात. मी पुढे शिरूरला जातो आणि पुलावरून घोड नदी बघत बसतो. याला कारण माशांच्या एका जुन्या यादीतली नोंद: 'गोरेह नदी, सेरूर'. गोरेह म्हणजे घोड आणि सेरूर म्हणजे आपलं शिरूर, हे कळलं त्या दिवसापासून हा नाद लागला.

यादी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी साहेबाची. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलं. ते त्यानं केलंच, पण त्याचा जीव रमला पाखरांत आणि माशांत. पाटाच्या कडेला पोक काढून बसणाऱ्या ढोकरीची पहिली शास्त्रीय नोंद त्याचीच, १८३२ची. माशांना नावं देताना त्यानं कोळ्यांचे शब्द सरळ लॅटिनच्या पंगतीला बसवले: शिंगटीचं 'सीनग्टी', कोळशीचं 'कोलुस'. दौंडजवळच्या पेडगावला भीमेत मिळालेला मासा झाला 'रोहटी विगोर्साय'. माणसांची नावं दिली ती मात्र विगर्स, यारेल, ऑगिल्बी अशा साहेबांची. जाळं टाकणाऱ्याचं नाव एकाही माशाला नाही, हे मला अजून खुपतं.

शिरूरच्या माशाचं नाव 'बार्बस मुसुल्ला'. त्याचा मूळ नमुना आज कुठेच नाही, सगळी भिस्त वर्णनावर. १९४३ साली सुंदरलाल होरा या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञानं हे नाव पाठीवर मदार असलेल्या महसीर माशाला लावलं. झालं! आमच्या घोड नदीतल्या माशाचं नाव कावेरीतल्या मदारवाल्या महाकाय माशाला चिकटलं आणि गळवाले शौकीन ते मिरवत राहिले. २०१३ साली मार्कस नाइट आणि सहकाऱ्यांनी साइक्सचं वर्णन पुन्हा तपासलं आणि दाखवलं, की हा महसीर नव्हेच, कोळशीच्या कुळातला. कावेरीतल्या माशाची ओळख पटायला २०१८ उजाडलं: 'टोर रेमादेवी', केरळातल्या माशाला आधीच दिलेलं नाव.

गेल्या हिवाळ्यात शाळेची काही मुलं घेऊन नदीवर गेलो. पाखरांचा छापील तक्ता मुद्दाम घरी ठेवला. तक्ता हातात असला की मुलं पाखराऐवजी तक्ताच बघतात. एकीनं वहीत लिहिलं: 'मातकट, चिखलात दिसत नाही. उडाली की पांढरी.' ढोकरीची याहून नेमकी खूण मला सांगता आली नसती. वारकरी नावाच्या पाणपाखराच्या कपाळावरचा पांढरा टिळा त्यांना लांबूनच दिसला. त्याला नाम्याही का म्हणतात, ते पंढरीच्या वाटेवरच्या मुलांना सांगावं लागलं नाही.

मग थर्माकोलच्या तराफ्यावरून एक काका काठाला आले. सगळी मुलं त्यांच्या बादलीवर वाकली. मीही वाकलो, मुसुल्लाच्या आशेनं. बादलीत नुसत्या चिलापी होत्या, मूळच्या आफ्रिकेतल्या. त्या मात्र सगळ्यांनी एका दमात ओळखल्या.