सुरयाचं बेट आणि डिंभ्याचं आवर्तन

पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबला घोड नदीचा पूल लागतो. तिथं राखाडी पंखांचा, पिवळ्याधमक चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी मान खाली घालून पाण्यावर येरझाऱ्या घालताना दिसला, तर तो नदी सुरय. घराणं समुद्राचं. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उडणारा आर्क्टिक सुरय याचाच भाऊबंद. हा मात्र गोड्या पाण्याला येऊन कायमचा राहिला.

मासेमारीची त्याची तऱ्हा पाहण्यासारखी. पाणकावळा बुडी मारून माशाचा पाठलाग करतो आणि मग ओले पंख पसरून काठावर वाळत बसतो. सुरयाला ते जमत नाही. तो वरूनच हेरतो, क्षणभर हवेत थरथरत थांबतो आणि दगडासारखा खाली येतो. बुडी जेमतेम वीतभर. म्हणजे पृष्ठभागाजवळचा लहान मासाच त्याच्या वाट्याचा. जोडीला बेडूकमासे, किडे. विणीच्या दिवसांत नर चोचीत मासा धरून मादीला भरवतो. पोरगा कमावता आहे की नाही, हे बघायची ही सोयरिकीची रीतच म्हणा.

वीण फेब्रुवारी ते मे. पाणी आटलं की मासे उथळात दाटतात आणि नदीत वाळूची बेटं उघडी पडतात. काडीकचऱ्याचं घरटंसुद्धा नाही, वाळूत नुसता खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. चोहोबाजूंचं पाणी हेच कुंपण.

अडचण इथंच आहे. पाणी फार आटलं तर बेट काठाला जुळतं आणि कुत्री चालत पोचतात. आणि भर उन्हाळ्यात वरच्या डिंभे धरणातून शेतीसाठी नदीला पाण्याचं आवर्तन सुटलं, की खालचे कोल्हापुरी बंधारे भरतात आणि सखल बेटं बुडतात. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, ऊस-कांदा पाण्यावाचून कसा उभा राहणार? पण अंडी उबायला तीन आठवडे लागतात आणि आवर्तनाच्या वेळापत्रकात त्यांचा रकाना नसतो. वाळूउपशाने तर बेटंच गाड्यांत भरून नेली.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा पक्षी आता 'असुरक्षित' गटात आहे. त्याचा काळ्या पोटाचा चुलतभाऊ आणखी एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'. धरणांचं सगळंच वाईट, असंही नाही. हीच घोड पुढे भीमेला मिळते, आणि भीमेवरच्या उजनीच्या फुगवट्यात, भिगवणला, नावेतून फिरताना सुरय हमखास दिसतात. उभ्या केलेल्या मासेमारीच्या काठीवर बसलेले, चोच वाऱ्याकडे करून.