पेन्शन मिळाली, तरी परीक्षा सुटत नाही



आपल्या मॉरिशसमध्ये रस्त्यावरचा साधा पोलीस शिपाई कमरेला पिस्तूल लावून फिरत नाही. त्यामुळे तो निवृत्त झाल्यावर शस्त्राचे काय करतो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. अमेरिकेत मात्र तो मोठा प्रश्न आहे.

कॅलिफोर्नियातील सनीव्हेल शहर पाहा. भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे, त्यांत मराठीही, तेथे राहतात. या शहरात १९५० पासून पोलीस आणि आगीचा बंब यांचे खाते एकच आहे. एकाच जवानाला दोन्ही कामे शिकवतात. असा जवान निवृत्त झाला, तरी त्याने पकडलेले गुन्हेगार त्याला विसरत नाहीत. स्वसंरक्षणासाठी त्याला पिस्तूल जवळ हवे असते.

अशांसाठी अमेरिकेने २००४ साली देशभर लागू होणारा कायदा केला. निवृत्त पोलिसाला कोणत्याही राज्यात कपड्याआड पिस्तूल बाळगता येते. पण अटी आहेत. त्याने नोकरी निष्कलंक सोडलेली असावी. एकूण सेवा निदान १० वर्षांची असावी. २०१० पूर्वी ही अट १५ वर्षांची होती. खात्याचे फोटो असलेले ओळखपत्र जवळ हवे. आणि मुख्य अट अशी की, मागील १२ महिन्यांत त्याने नेमबाजीची परीक्षा दिलेली असावी. मोजमाप नोकरीतल्या पोलिसांचेच, खर्च मात्र स्वतःचा! दारूच्या अंमलात असताना ही सवलत मिळत नाही.

वय वाढते, नजर मंदावते, हात कापतो. गर्दीत चुकलेली गोळी निरपराध्याला लागते. म्हणून जुन्या नोकरीचा मान राखूनही कायदा आजचा पुरावा मागतो.

सनीव्हेलच्या मतदारांनीही २०१३ साली मतदान करून कडक नियम केले. घरातील बंदूक जवळ नसेल तेव्हा कुलपात ठेवावी, चोरीस गेल्यास ४८ तासांत पोलिसांना कळवावे, १० हून अधिक गोळ्यांचे मॅगझिन बाळगू नये. या शेवटच्या नियमातून परवानाधारक निवृत्त पोलिसांना वगळले. काही रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती देण्यास नकार दिला.

आम्हा शिक्षकांना ट्रेनिंगचे सर्टिफिकेट एकदा मिळाले की ते जन्मभर पुरते. खडू चुकला तर फळा पुसता येतो. सुटलेली गोळी परत घेता येत नाही. दसऱ्याला आपण शस्त्राची पूजा करतो. पण ज्याच्या हाती खरे शस्त्र आहे, त्याने पूजेबरोबर सरावही ठेवला पाहिजे.