तेरची तेरणा, मिरजेची पाणीगाडी आणि 'रन'

जिल्हा परिषदेच्या शाळेत 'रन' पहिल्यांदा फळ्यावर येतो तो 'धावणे' या अर्थाने. कळंब, भूम, उमरग्याकडचं पोर घरी 'धावणे' म्हणत नाही, त्याच्या तोंडी 'पळणं' असतं. तरी अर्थ चटकन कळतो, कारण डोळ्यांपुढे पाय येतात. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, त्यामुळे हा अर्थ अगदी लहान वयात पक्का होऊन बसतो. वरच्या इयत्तेत मग 'द बालाघाट रेंज रन्स थ्रू धाराशिव डिस्ट्रिक्ट' असं वाक्य समोर आलं की पोर अडतं. डोंगर कसा पळेल?

अडण्यात त्याचा दोष नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर हे संपादक या एका शब्दाशी सुमारे नऊ महिने झुंजत होते. २०११मध्ये आकडा जाहीर झाला: नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट'कडे होता, तो 'रन'ने घेतला. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, पुढे संगणक आले आणि त्या सगळ्यांच्या चालण्याला इंग्रजीने हाच शब्द लावला.

६४५ अर्थ पाठ करणं कुणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. शब्दाचं मूळ पाहिलं तर बराच गुंता सुटतो. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ पळणं होता तसाच वाहणंही होता. जर्मनमधलं त्याचं भावंड 'रिनेन' आजही पाण्याच्या वाहण्यासाठीच वापरतात. म्हणजे 'रन'मध्ये पायांइतकंच पाणी आहे. तेर गावाजवळून तेरणा वाहते, तिला इंग्रजीत 'रन्स'च म्हणतात. नळ सुरू राहिला तर तो 'रनिंग', सर्दीने नाक वाहिलं तर तेही 'रनिंग'. खंड न पडता पुढे जात राहणं, हा या शब्दाचा गाभा. बालाघाटही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग गेलेला आहे, म्हणून तो 'रन्स'. मराठी माणूसही 'डोंगररांग इथून पुढे जाते' असं म्हणतोच की. फळ्यावर 'धावणे'च्या शेजारी पहिल्याच दिवशी 'वाहणे' लिहिलं, तर पुढची बरीच वाक्यं मुलांना आपोआप उलगडतील.

दुसरी गाठ व्याकरणाची आहे. मराठीत गाडी चालते आणि माणूस ती चालवतो. घोडा पळतो आणि स्वार त्याला पळवतो. एका 'व'ने काम भागतं. जुन्या इंग्रजीतही या दोन्हींसाठी वेगळी क्रियापदं होती, पण काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली आणि सगळा भार एकट्या 'रन'वर आला. याचं उदाहरण धाराशिव जिल्ह्यातच आहे. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि येडशीवरून पुढे जात १९११मध्ये लातूरला पोचली. सरकारने १९५४मध्ये ती विकत घेईपर्यंत एक खासगी कंपनी ती चालवत होती. इंग्रजीत गाडी लातूरपर्यंत 'रॅन' आणि कंपनीने ती 'रॅन'. कोण चालतंय आणि कोण चालवतंय, हे क्रियापद सांगत नाही. ते वाक्यातल्या शब्दांच्या जागेवरून ओळखायचं. दुकान, शाळा, बँक, साखर कारखाना 'रन' करणं हे सगळं याच 'चालवणे'च्या घरातलं.

धाराशिवच्या माणसाला मात्र या शब्दाचा सर्वांत ओळखीचा वापर दुष्काळाच्या बातम्यांत सापडेल. पाणी कमी पडायला लागलं की 'रन लो' किंवा 'रन शॉर्ट'. विहीर आटली, बोअर कोरडा पडला की 'रन ड्राय'. कडबा संपला, हातातला पैसा संपला की 'रन आउट'. वाहणारं हळूहळू ओसरत जाऊन थांबतं, तो सगळा प्रवास या चार जोड्यांत आहे. मराठीत प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र क्रियापद आहे आणि ते कशाविषयी बोलायचं त्यावर ठरतं: विहीर आटते, वैरण संपते, पैसा सरतो. इंग्रजी क्रियापद तेच ठेवते आणि शेजारचा छोटा शब्द बदलते. म्हणून शिकणाऱ्याने वहीत 'रन' एकटा उतरवू नये, पूर्ण जोडी लिहावी आणि काय आटलं, काय संपलं तेही सोबत लिहावं.

एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराचं पाणी संपलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत ती सुमारे ३४२ किलोमीटरवरच्या लातूरला पोचली. हे इंग्रजीत सांगायचं तर 'रन' किमान तीनदा लागतो: शहराचं पाणी संपलं तो एक, रेल्वेने गाडी सोडली तो दुसरा आणि गाडी या जिल्ह्यातून धावली तो तिसरा.

काही वापर याहून सोपे आहेत. उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी नावाजलेली आहे. असा गुण वाणातच असेल तर इंग्रजीत तो 'रन्स इन द ब्रीड'. मराठीत 'घराण्यात चालत आलंय' म्हणताना चालणंच वापरतात, त्यामुळे हा अर्थ समजायला वेळ लागत नाही. अंगात ताप असला की 'रनिंग अ फीवर'. आपल्याकडे ताप येतो, चढतो, उतरतो, पण वाहत नाही. क्रिकेटमधली 'रन' मराठीत धाव झाली आणि 'रन आउट' धावचीत. तोच 'रन आउट' वर वैरणीला लागला होता, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवून द्यायला हवं.

निवडणुकीचा वापर देशाप्रमाणे बदलतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड', म्हणजे उभा राहतो. तुळजापूर असो की परंडा, उमेदवार उभाच राहतो. अमेरिकी बातमीतला 'रनिंग' उमेदवार वाचताना एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पुढच्या आठवड्यात 'सेट'.