दोन खोऱ्यांतील देशी मासे आणि आटणारे डोह

धाराशिव जिल्ह्यात पडणारे पावसाचे पाणी बालाघाटाच्या डोंगररांगांमुळे दोन दिशांना वाटले जाते. तेरखेड्याच्या परिसरात उगम पावणारी तेरणा मांजरेला मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जाते, तर पश्चिम सीमेवरची सीना आणि नळदुर्गच्या किल्ल्याजवळून वाहणारी बोरी भीमेमार्गे कृष्णेला मिळतात. दोन खोऱ्यांना वेगळे करणाऱ्या अशा उंचवट्याला जलविभाजक म्हणतात, आणि गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना तो ओलांडता येत नसल्यामुळे एका नदीतून नाहीशी झालेली जात शेजारच्या खोऱ्यातून आपोआप परत येत नाही.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 साली केली आणि भीमा खोऱ्यातील अनेक जाती त्यातून जगापुढे आल्या. पुढे माणसाने दूरवरून आणून सोडलेल्या माशांहून वेगळ्या, म्हणजे मूळच्याच या नद्यांमध्ये घडलेल्या जातींना देशी मासे म्हटले जाते. दुष्काळी पट्ट्यातील नद्या हिवाळ्यानंतर तुटत जातात आणि पाणी केवळ डोहांमध्ये उरते, त्यामुळे येथे तगणाऱ्या जातींचे देह त्या टंचाईला जुळवून घेणारे आहेत. मरळ कल्ल्यांच्या वर असलेल्या विशेष अवयवाने थेट हवा घेते, म्हणून ती कमी प्राणवायूच्या गढूळ पाण्यातही जगते आणि अंडी व पिल्ले यांची राखणही करते. पाठीवर काट्यांची ओळ असलेली सापासारखी वाम चिखलात व दगडांच्या फटींत दडते. छोटा मळ्या ओठामागील चकतीने वाहत्या पाण्यातील खडकाला चिकटून राहतो.

ही जिद्द सर्वच जातींमध्ये नाही. एक मीटरहून लांब वाढणारा शिवडा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे नामशेष होण्याचा धोका मोजणाऱ्या यादीत, ‘असुरक्षित’ गटात आहे. मरळ आणि वाम जागतिक पातळीवर धोक्याबाहेर मानल्या जात असल्या, तरी एखाद्या तालुक्यातील ओढ्यात त्या शिल्लक आहेत की नाहीत, हे ती यादी सांगू शकत नाही.

संकटाचे मूळ पाण्यात आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी डोहांतील उरलेले पाणीही पंपांनी उपसले गेले, तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालायला मासाच राहत नाही. पहिल्या पुराबरोबर उथळ पाण्याकडे निघालेले चढणीचे मासे अंड्यांसह पकडले जातात, धरणाच्या भिंतीतून त्यांना वाट मिळत नाही, आणि वाळूउपशाने अंडी घालण्याचा तळच निघून जातो.

तलावांत सोडले जाणारे बीज हा दुसरा प्रश्न आहे. ठेक्याने घेतलेल्या जलाशयांत मच्छीमार संस्था कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांची बोटुकली सोडतात, कारण ते मासे लवकर वाढतात व बाजारात खपतात, आणि या उत्पन्नावर अनेक कुटुंबे अवलंबून असल्यामुळे ते थांबवणे शक्य वा योग्यही नाही. मात्र 1952 साली भारतात आणलेली आफ्रिकेतील चिलापी भराभर प्रजनन करून जागा व अन्न बळकावते. तिच्या मायदेशात मात्र तीच जात असुरक्षित ठरली आहे. देशी मासे खाणाऱ्या आफ्रिकन मागूरच्या संवर्धनावर तर देशात बंदी आहे.

स्फोटके व विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवले; उणीव कायद्याची नसून स्थानिक दक्षतेची आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे, आणि भोई समाजातील जाणत्या मंडळींना विचारून त्या नोंदवहीत ओढ्यानिहाय माशांची यादी करणे अल्प खर्चाचे काम आहे. प्रत्येक ग्रामसभेने नदीचा किमान एक डोह उन्हाळ्यात उपशापासून राखून ठेवला आणि चढणीच्या काळात तेथे जाळे टाकू दिले नाही, तर धाराशिवच्या देशी माशांना कोणत्याही मोठ्या योजनेपेक्षा अधिक आधार मिळेल.