भ्रमणनौकेसाठी नव्या शिडांची खरेदी : स्थानिक कारागीर की परदेशी पुरवठादार? – एक विवेचन

गोषवारा :

दीर्घ समुद्रप्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या शिडाच्या खाजगी नौकेला दर काही वर्षांनी नवी शिडे घ्यावी लागतात. ही खरेदी जवळच्या बंदरातील कारागिराकडून करावी की दूरदेशीच्या कारखान्याकडून, हा प्रश्न सामान्यतः केवळ किमतीच्या अंगाने विचारला जातो. प्रस्तुत लेखात कापड, मापे, कर, वाहतूक आणि दुरुस्ती या घटकांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली आहे. चुकीची दुरुस्ती कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाची, हाच या निर्णयाचा गाभा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शीड, भ्रमणनौका, शीडकापड, मोजमाप, आयात, कारागिरी.

प्रस्तावना :

शीड हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. गलबत, मचवा, पडाव, शिबाड ही कोकण किनाऱ्यावरील जलवाहने शतकानुशतके वाऱ्याच्या बळावर चालत आली. इंग्रजीतील 'डंगरी' हा जाड्याभरड्या सुती कापडाचा वाचक शब्द मुंबईतील डोंगरीशी जोडला जातो. या कापडाचा जाड प्रकार तंबू आणि होड्यांची शिडे यांसाठी वापरला जात असे. म्हणजे शिडाचे कापड कोठून आणावे व ते कोणी शिवावे, हा व्यवहार आपल्या किनाऱ्यालाही परिचित होता.

यंत्रचलित नौका आल्यावर शिडाचा व्यापारी उपयोग ओसरला. तथापि छंद, क्रीडा आणि सागरभ्रमण यांसाठी शिडाच्या नौका जगभर वापरात राहिल्या. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनीही हीच प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यामुळे भ्रमणनौका हा विषय आता आपल्यापासून फार दूरचा राहिलेला नाही.

मात्र खाजगी भ्रमणनौकांचा मोठा वर्ग ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत आहे. शिडांच्या बाजारपेठेची घडणही तेथील गरजांतून झाली आहे. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्या बाजारपेठेला धरून केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) शीड या वस्तूचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) स्थानिक व परदेशी खरेदीतील खर्चाचे घटक उलगडून दाखविणे.
३) खरेदीदाराला निर्णय घेण्यासाठी उपयुक्त ठरतील असे निकष सुचविणे.

विषय विवेचन :

अ) शीड : मापाप्रमाणे शिवली जाणारी वस्तू

वरवर पाहता शीड म्हणजे कापडाचा त्रिकोणी तुकडा होय. वस्तुतः ते सपाट नसते. कापडाचे पट्टे किंचित वक्र कापून एकमेकांना जोडले जातात आणि त्या जोडणीतून शिडाला पोट येते. पोटाची खोली व जागा यांवर नौकेचा वेग, तिचे कलणे आणि वाऱ्याच्या दिशेने वर चढण्याची तिची क्षमता अवलंबून असते. या दृष्टीने शीड हे तयार कपड्यापेक्षा शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेल्या अंगरख्याला अधिक जवळचे आहे.

शिडाच्या डोलकाठीकडील कडेला लफ, मागील मोकळ्या कडेला लीच आणि खालच्या कडेला फूट म्हणतात. नौकेची मूळ मापे चार अक्षरांनी सांगण्याची पद्धत आहे. पी म्हणजे मुख्य शिडाच्या लफची उंची, ई म्हणजे त्याच्या खालच्या कडेची लांबी, आय म्हणजे डोलकाठीपुढील त्रिकोणाची उंची आणि जे म्हणजे त्या त्रिकोणाचा पाया. पी १२ मीटर व ई ४ मीटर असल्यास मुख्य शिडाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने २४ चौरस मीटर येते. लीचला बाहेरच्या बाजूस कमान दिल्यास ते थोडे वाढते.

दरपत्रक मागविण्यास ही चार मापे पुरेशी आहेत. शीड कापण्यास मात्र ती मुळीच पुरेशी नाहीत. डोलकाठीचा वाक, बूम या आडव्या काठीच्या सांध्यापासून शिडाच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, डोलकाठीच्या खाचेत बसणाऱ्या सरकपट्ट्यांचा आकार, पुढचे शीड गुंडाळणाऱ्या यंत्राची खाच आणि मागील ताणतारेपासून लीचला मिळणारी मोकळीक, हे सारे जागेवर पाहावे लागते. यांपैकी एकही माप चुकले तर उत्तम कापडाचे शीडही नौकेवर नीट बसत नाही.

आ) कापड आणि औंसाचा घोटाळा

१९५० च्या दशकात पॉलिएस्टरने सुती शिडांची जागा घेतली. हे कापड नौकाधारकांत डेक्रॉन या व्यापारी नावाने ओळखले जाते. पातळ पटलांचे थर चिकटवून केलेले कापड आकार अधिक काळ धरून ठेवते. परंतु उष्ण व दमट हवेत त्यात बुरशी धरण्याचा आणि थर सुटण्याचा धोका असतो. म्हणून दीर्घ प्रवासाला निघणारे बहुसंख्य लोक विणलेल्या पॉलिएस्टरलाच पसंती देतात.

विणलेल्या कापडातही फरक आहे. पट्टे लीचला काटकोनात जोडले असतील तर ताण मुख्यत्वे बाण्याच्या धाग्यांवर येतो. कोपऱ्यांपासून किरणांप्रमाणे पसरणारे पट्टे असतील तर तो ताण्याच्या धाग्यांवर येतो. दोहोंसाठी वेगळ्या विणीचे कापड लागते. दुसऱ्या पद्धतीत पट्टे व शिवणी अधिक असल्याने मजुरी वाढते. तेव्हा दोन दरपत्रकांतील शिडांची जोडणी वेगळी असेल, तर त्यांच्या किमतींची सरळ तुलना करता येत नाही.

याहून सूक्ष्म घोटाळा वजनाच्या एककात आहे. अमेरिकन कारागीर ३६ इंच लांब व २८.५ इंच रुंद तुकड्याचे वजन औंसात सांगतो. ब्रिटिश पद्धतीत हे वजन एका चौरस यार्डाचे असते. परिणामी अमेरिकन हिशेबाचे ८ औंसी कापड दर चौरस मीटरला सुमारे ३४३ ग्रॅम भरते, तर ब्रिटिश हिशेबाचे ८ औंसी कापड सुमारे २७१ ग्रॅम भरते. दोन्ही दरपत्रकांवर '८ औंस' असेच लिहिलेले असते. स्वस्त वाटणारे शीड प्रत्यक्षात पातळ असू शकते. म्हणून वजन नेहमी ग्रॅम प्रति चौरस मीटर या एककात लिहून मागावे.

इ) 'स्थानिक' म्हणजे नेमके काय?

स्थानिक व परदेशी ही विभागणी दिसते तितकी काटेकोर नाही. लोवेल नॉर्थ यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे सुरू केलेल्या 'नॉर्थ सेल्स' या कंपनीचा मोठा उत्पादन कारखाना श्रीलंकेत आहे. गावातील विक्रेत्याच्या कार्यालयात बसून मागणी नोंदविली, तरी शीड हजारो मैलांवर शिवले गेलेले असू शकते. अशा वेळी खरेदीदार स्थानिक माणसाला जे अधिक पैसे देतो, ते शिवणकामाचे नसून मापे घेण्याचे, नौकेवर शीड चढवून पाहण्याचे आणि चूक आढळल्यास ती निस्तरण्याचे असतात.

याच्या उलटही घडते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्यपदक मिळविणारे ऑस्ट्रेलियाचे रॉली टास्कर यांच्या नावाने चालणारा शिडांचा मोठा कारखाना थायलंडमधील फुकेत येथे उभा राहिला. ब्रिटनमधून टपालाने मागणी पाठविणाऱ्यासाठी तो परदेशी पुरवठादार होय. परंतु हिंदी महासागर ओलांडण्यापूर्वी अनेक भ्रमणनौका फुकेतला नांगर टाकतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहतात. त्या मुक्कामात तेथील कारागिराकडून मापे घेऊन शीड करून घेणाऱ्यासाठी फुकेतच स्थानिक ठरते. घर एका जागी असते, पण नौका चालती असते. म्हणून 'स्थानिक' हे खरेदीदाराच्या पत्त्यावरून नव्हे, तर नौकेच्या मुक्कामावरून ठरवावे लागते.

ई) किमतीचा हिशेब

हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. करासह स्थानिक शिडाची किंमत १०० मानू व परदेशी शिडाची ७० मानू. वाहतूक व विमा यांचे ६ मिळवून परदेशी शीड ७६ ला पडते. त्यावर २० टक्के कर बसल्यास १५.२ ची भर पडून एकूण ९१.२ होतात. सुरुवातीची ३० ची बचत येथे ८.८ वर आली. आयातशुल्क अद्याप धरलेलेच नाही. शीड सुधारण्यासाठी एकदा परत पाठवावे लागले तर जाण्यायेण्याचे १२ वाढून खर्च १०३.२ होतो आणि उरलेली बचतही संपते.

ब्रिटनच्या बाबतीत २० टक्के हा दर कल्पित नाही. तेथील मूल्यवर्धित कराचा तो प्रमाण दर आहे. ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यानंतर फ्रान्स वा जर्मनीतून ब्रिटनमध्ये येणारे शीडही कराच्या दृष्टीने आयात ठरू लागले. भारतात १ जुलै २०१७ पासून आयात मालावर सीमाशुल्काबरोबर एकात्मिक वस्तू व सेवा कराचाही विचार करावा लागतो. त्यामुळे मुंबई वा गोव्यातील नौकाधारकाने मागणी नोंदविण्यापूर्वी चालू दर सीमाशुल्क दलालाकडून लेखी घेणे हिताचे ठरते. शिडे ही आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ६३०६ या शीर्षकाखाली येतात. कागदपत्रांत माल नेमक्या वर्गात नोंदलेला असल्यास विलंब टळतो.

किमतीत काय समाविष्ट आहे हेही पाहावे. शिवणी दुहेरी आहेत की तिहेरी, वारा वाढल्यावर शीड आखूड करण्याच्या ओळी दोन आहेत की तीन, कोपऱ्यांवरील जोडथर किती मोठे आहेत, पुढच्या शिडाच्या कडेला अतिनील किरणांपासून बचाव करणारी पट्टी आहे की नाही, बॅटन पट्ट्या व पिशवी धरली आहे की नाही, या बाबी दोन्ही दरपत्रकांत एकाच क्रमाने लिहून घेतल्यावरच तुलना सार्थ होते.

उ) मापाची जबाबदारी

दूरच्या कारखान्याकडून येणारा मोजमापाचा तक्ता हा या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. तो भरून सही केली की मापांची जबाबदारी खरेदीदाराकडे येते. जुने शीड जमिनीवर पसरून त्याचीच मापे पाठविणे ही प्रचलित पण धोक्याची पद्धत आहे. कारण जुने कापड ताणलेले असते, दोऱ्या आटलेल्या असतात आणि मूळ शिडातील दोषही नव्या शिडात उतरतो. मोजपट्टी शीड चढविण्याच्या दोरीला बांधून डोलकाठीच्या माथ्यापर्यंत न्यावी. ती खाली ओढून आणण्यासाठी तिला एक वेगळी दोरी जोडावी. वारा पडलेला असताना प्रत्येक माप दोनदा घ्यावे आणि सांधे व खाचा यांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढावीत. स्थानिक कारागिराला पैसे देऊन केवळ मापे घेऊन घेणे हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. मात्र शीड अन्यत्र शिवून घ्यायचे आहे, हे त्याला आधी सांगितले पाहिजे.

ऊ) काळ आणि कसब

उत्तर गोलार्धात वसंत ऋतूत नौका पाण्यात उतरतात. त्यामुळे त्या सुमारास कारागिरांकडे गर्दी असते. शरद ऋतूत मागणी नोंदविणाऱ्यास बहुधा सवलत व पुरेसा वेळ दोन्ही मिळते. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात आलेले शीड चढवून पाहण्यास अवधी उरत नाही. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, वारा वाढत असताना शीड आखूड करता आले नाही, तर प्रश्न पैशांचा न राहता नौकेवरील माणसांच्या सुरक्षिततेचा होतो.

यासोबत एक सामाजिक बाजूही विचारात घ्यावी लागते. फाटलेली शिवण, निसटलेली कडी, उन्हाने विरलेली पट्टी ही कामे शेवटी बंदरातील कारागिराकडेच येतात. केवळ ठिगळे लावून त्याचा उदरनिर्वाह होणे कठीण असते. नव्या शिडांच्या मागणीवरच त्याचे लांबरुंद लाकडी फरशीचे दालन, भक्कम शिवणयंत्रे आणि शिकाऊ हात टिकून राहतात. सर्वांनीच नवी शिडे बाहेरून मागविली, तर दुरुस्तीच्या दिवशी बंदरात हात लावणारा माणूस उरणार नाही. मात्र केवळ या कारणासाठी कोणी निकृष्ट वा अवाजवी किमतीचे शीड घ्यावे असे म्हणता येणार नाही. हिशेबात हा घटक धरावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

निष्कर्ष :

१) दरपत्रकातील किंमत ही शिडाची अंतिम किंमत नसते. वाहतूक, कर आणि संभाव्य सुधारणेचा खर्च मिळवूनच तुलना करावी.

२) कापडाचे वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये आणि जोडणीचा प्रकार लेखी घेतल्याखेरीज दोन दरपत्रके समान मानू नयेत.

३) नौका साधी व प्रचलित बनावटीची, मापे विश्वासार्ह आणि हाती पुरेसा वेळ असेल, तर परदेशी खरेदी लाभदायक ठरू शकते. विशेषतः पुढचे, गुंडाळले जाणारे शीड त्यास अधिक अनुकूल असते.

४) डोलकाठी वाकदार, मुख्य शीड पूर्ण बॅटनचे किंवा प्रयाण जवळ आले असेल, तर नौकेवर येऊन पाहणारा कारागीर जादा किमतीला पात्र ठरतो.

५) शीड बसले नाही तर ते कोण सुधारील, किती दिवसांत सुधारील आणि जाण्यायेण्याचा खर्च कोण सोसेल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी घ्यावीत.

सारांश, या तीन प्रश्नांची उत्तरे जो स्पष्टपणे व बांधिलकीने देईल, तो पुरवठादार कोणत्याही देशातील असो, त्याच्याकडून शीड घेणे अधिक सुरक्षित ठरते.